ओइवाच्या छातीवरची बंडी

मी एक जुनी बंडी आहे. रंग कातडीचा, बाह्या नाहीत, पुढे हुकांची रांग. शर्टाच्या आत राहायचं आणि माणसाची छाती घट्ट आवळून धरायची, एवढंच माझं काम. मला बघून "काय छान कपडा आहे!" असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. पण मित्रांनो, एका माणसाला मी मनापासून धरून ठेवलं. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी सांगता येत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला एक जुळी बहीण होती. एक धुवायला गेली की दुसरी अंगावर हवी, म्हणून आम्हा बंड्यांना जोडीनेच पाठवतात. फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या शहरात, इस्पितळाच्या कपाटात आम्ही बरेच दिवस पडून होतो. मग नोव्हेंबरात ओइवा आला.

ओइवाने आयुष्यभर गावची बस चालवली होती. भला माणूस, पण खांदे पुढे पाडून, पाठीत वाकून चालायचा. कारण त्याची छाती. वयात येताना पुष्कळ मुलांची छाती थोडी फुगते आणि बहुतेकांची आपोआप बसते. ओइवाची बसली नाही, उलट वाढली. शाळेत पोरं नको ते बोलली, तेव्हापासून तो कोणासमोर शर्ट काढत नसे.

आता तुम्ही म्हणाल, मग नाही काढला, काय बिघडलं? त्याच्या देशात बिघडतं. तिथे घराघरात सौना असते, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली. शनिवारी चूल पेटवून, तिच्यावरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकून, कपडे काढून चढत्या फळ्यांवर बसायचं; जितकी वरची फळी, तितकी जास्त वाफ. पाहुण्याला सौनाला बोलावणं म्हणजे त्याला घरचा मानणं, आणि नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

ओइवा फक्त बायकोबरोबर सौनाला बसायचा. तिचं नाव सिर्का. ती म्हणायची, "अरे, डॉक्टरला दाखव एकदा. मला काही अडचण नाही, पण तू किती वाकशील?" तो म्हणायचा, "आता या वयात?" गेल्या वसंतात सिर्का वारली. त्यानंतर त्याने घरची सौना पेटवलीच नाही.

तळ्यापलीकडे सिर्काचा भाऊ रेयो राहत होता, सिर्का लहानाची मोठी झाली त्याच घरात. तो दर शनिवारी फोन करायचा. ओइवा कधी गुडघा सांगायचा, कधी सर्दी. शेवटी रेयो चिडला.

"तीस वर्षं बोलावतोय मी तुला. आता ती गेली, तर आपलं नातंही संपलं का? या नाताळच्या सौनाला आला नाहीस, तर पुन्हा फोन करायचा नाही मी."

हे ऐकल्यावर ओइवा डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं, छातीची सोनोग्राफी केली, कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. काही वाईट नाही, थोडी गाठ आणि थोडी चरबी आहे, म्हणाल्या. ऑपरेशनच्या सकाळी त्याला उभं करून छातीवर पेनाने रेघा काढल्या. मग त्याला झोपेचं औषध दिलं. स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेने लहानसा छेद घेऊन गाठ काढली, बारीक नळीने चरबी ओढून घेतली. तो शुद्धीवर आला तेव्हा मी त्याच्या अंगावर होते.

पहिले काही दिवस सोपे नव्हते. आतलं रक्त-पाणी वाहून जावं म्हणून कडेने बसवलेल्या दोन नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या. छाती निळीजांभळी झाली होती, सूज होती, मध्येच बधिर जागा. आरशात बघून ओइवा म्हणाला, "ही तर आधीपेक्षा मोठी दिसते!"

नर्स हसली. "सूज आहे ती. खरा आकार दिसायला महिने लागतात. ही बंडी रात्रंदिवस घालायची. जड उचलायचं नाही, लाकडं फोडायची नाहीत. आणि आम्ही सांगेपर्यंत सौना बंद."

"पण नाताळ?"

"जखम कशी भरते ते बघू."

घरी तो एकटाच होता. मी त्याच्या छातीला लागून असायचे, त्यामुळे मला सगळं कळायचं. रात्री तो सिर्काच्या बाजूला हात टाकायचा आणि मागे घ्यायचा. ती गेल्यापासून त्याला कोणी घट्ट धरलं नव्हतं. आता मी धरत होते. मी कापडच, पण जमेल तेवढं केलं.

माझ्या बहिणीला मात्र त्याने धुऊन स्वयंपाकघरातल्या चुलीच्या वरच्या तारेवर वाळत घातलं. तिचा ताण गेला, ती ढिली झाली. मग मलाच संध्याकाळी धुवायचं आणि ओलसर असतानाच घालायचं, असं सुरू झालं.

डिसेंबर उजाडला आणि ओइवाला चैन पडेना. नाताळला एकदम रेयोसमोर बसायचं, त्याआधी घरी सवय करून बघू, असं त्याने ठरवलं. मनाशी हिशेबही मांडला. सौना म्हणजे वरची फळी. खालच्या फळीवर लहान पोरं आणि म्हाताऱ्या बसतात, ती काय सौना! म्हणजे नर्सचा शब्दही मोडत नाही. चूल पेटवायची तर लाकूड हवं, म्हणून बर्च नावाच्या झाडाचे चार ओंडकेही फोडले. मग माझ्यासकट जाऊन खालच्या फळीवर बसला. मी घामाने भिजले. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते.

रात्रीपर्यंत डावी बाजू पावासारखी फुगली. सकाळी तो इस्पितळात गेला. आत रक्त आणि पाणी साठलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सुईने ते काढलं.

"काय केलंत?"

"खालच्या फळीवर बसलो होतो."

"वाफ वरच्या फळीची असो की खालच्या," त्या म्हणाल्या, "तुमच्या जखमेला फळी कळत नाही हो! आता फेब्रुवारीपर्यंत विसरा."

घरी येऊन ओइवा बराच वेळ फोनपाशी बसून राहिला. माझ्याखाली त्याचं काळीज धडधडत होतं. मग त्याने रेयोला फोन लावला. या वेळी गुडघा नाही, सर्दी नाही. छाती, शाळेतली पोरं, ऑपरेशन, खालची फळी, सगळं सांगितलं.

ओइवाने फोन कानाला घट्ट दाबला.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." रेयो खाकरला. "तू यायचा नाहीस ते यामुळे?"

"हो."

"अरे गाढवा! मला वाटायचं, आमच्या सौनाची वाफ तुला आवडत नाही. दोनदा चूल बदलली मी."

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी रेयो दारात उभा राहिला. हातात भाजलेल्या डुकराच्या मांसाचं भांडं, डोक्यावर कानटोपी. नाताळची सौना त्याच दिवशी असते, आणि ती चुकवणारा माणूस त्या गावात कोणी पाहिला नव्हता.

"तुझी सौना?" ओइवाने विचारलं.

"पेटवली नाही. एकट्याने काय बसायचं? घाल बूट, सिर्काकडे जाऊन येऊ."

दोघे कबरस्तानात गेले. बर्फात मेणबत्त्याच मेणबत्त्या होत्या. त्यांनीही एक लावली. मी कोटाच्या आत होते. ओइवा सरळ उभा होता.

फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. छेदाची खूण फिकट झाली होती, एक जागा अजून बधिर होती. छाती अगदी सपाट झाली नाही, पण शर्टात साधी दिसायची. त्या शनिवारी रेयोच्या सौनाबाहेरच्या खोलीत ओइवाने माझे हुक काढले आणि मला खुंटीला टांगलं. दार लागलं.

"वर ये की," रेयोचा आवाज आला. "तिथं खाली कशाला? तुझी ती फळी आम्हाला माहीत आहे."

दोघे हसले. पाणी चुलीवर पडलं, वाफ उठली. थोड्या वेळाने रेयो म्हणाला, "तू बसलायस ना, ती सिर्काची जागा. लहानपणी मला ढकलून बसायची तिथं."

 मग मला ओइवाचं रडणं ऐकू आलं.

"वाफ जरा जास्त झाली वाटतं," रेयो म्हणाला.

"हो. जास्त झाली."

"टाकू अजून?"

"टाक."

मित्रांनो, आता मी कपाटात लोकरी मोज्यांखाली असते. माझा ताण गेला आहे. मला विसरलात तरी चालेल, पण एवढं करा. कोणाच्या अंगावरून कोणाला हसू नका. आणि तुमच्या शरीराबद्दल तुम्हाला काही सलत असेल, तर आधी घरच्या माणसाला सांगा, मग डॉक्टरला दाखवा. ते सांगतील तेवढे दिवस बंडी काढू नका, तिला चुलीवर वाळत घालू नका. उशीर करू नका. ओइवाला असा सरळ उभा बघायला सिर्काला फार आवडलं असतं.