समुद्रघोड्याच्या पाठीमागचा शेवट

मित्रांनो, मी एक जुने, चिकटपट्टी लावलेले गोष्टीचे पुस्तक आहे. माझ्या पोटात अख्खा समुद्र आहे, पण मी स्वतः तो कधी पाहिलेला नाही. माझी छपाई पुण्यात झाली. लातूरच्या पुस्तक प्रदर्शनातून महादेवीबाईंनी मला जवळच्याच मुरुडला आणले, आपल्या लेकीसाठी, मंजुश्रीसाठी.

मंजुश्री मोठी धोरणी. गोष्ट लवकर संपू नये म्हणून ती रोज एकच प्रकरण वाचायची. घर हरवलेला समुद्रघोडा, त्याची वाट अडवणारा जांभळा ऑक्टोपस! एकच प्रकरण उरले, तेव्हा तिने मला छातीशी धरले. "उद्या, हं!" म्हणाली. मी किती फुशारलो म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी माझ्यावर आभाळच कोसळले. शाळेने 'जलचर प्राणी' असा प्रकल्प दिला होता. प्रकल्प मुलांचे आणि मेहनत आयांची, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मंजुश्री शाळेत असताना महादेवीबाईंनी कात्री उचलली आणि कचकन माझे शेवटचे, समुद्रघोड्याच्या चित्राचे पान कापले! समुद्रघोडा डिंकाने तक्त्यावर चिकटलासुद्धा. ज्यांनी मायेने घरी आणले, त्यांनीच असे करावे?

मंजुश्री घरी आली आणि तक्ता पाहून किंचाळलीच.

"आई! ह्याच्या मागंच तर शेवट हाय! त्याला घर सापडलं का न्हाई, आता कसं कळायचं?"

"आगं माय!" महादेवीबाईंनी तक्ता हातात घेतला. "चित्र लई झ्याक दिसलं, म्हून कापलं. मागं बघायचं ध्यानातच न्हाई आलं."

मग त्यांनी जे केले, त्याने तर माझी बोबडीच वळली. नळाला पाणी येऊन आठवडा झाला होता. तरी प्यायच्या घागरीतले पाणी त्यांनी परातीत ओतले आणि तक्ता त्यात बुडवला. कागद, आणि पाण्यात!

"आई, तक्ता उद्या द्यायचाय!"

"दुसरा करू. आधी ह्याला घर सापडू दे."

पान हळूहळू सुटले. दोरीवर वाळून, सुरकुतलेले का होईना, चिकटपट्टीने माझ्या पोटात परत आले. संध्याकाळी मंजुश्री चुलीपाशी बसून मोठ्याने वाचू लागली. महादेवीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"मग? पोचलं का लेकरू?"

"पोचलं, आई."

तव्यावरची भाकरी करपली, ते दोघींनाही कळले नाही.

मित्रांनो, आमची चित्रे डोळे भरून पाहा, त्यांवरून बोट फिरवा. पण कात्री उचलण्याआधी एकदा पान उलटून बघा. मागे कुणीतरी घरी पोचायचे बाकी असते.