चार बोटे पाणी

मी एक जुनी दगडी डोणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डोणी पाहिली नसेल. अखंड काळा दगड आतून कोरून जनावरांना पाणी पिण्यासाठी जे लांबट भांडे करतात, ती मी. तीर्थपुरीपासून थोड्या अंतरावर, कालव्याच्या अंगाला एक लहान वस्ती आहे. तिथल्या एका घराच्या अंगणात, ओट्याला लागून मी बसलेली आहे. मला इथे बसवले तेव्हापासून मी जागची हललेली नाही.

जालना जिल्हा वेगळा झाला, त्या सालच्या उन्हाळ्यात मला घडवले. या घराचे मालक तातेराव स्वतः खाणीवर आले आणि धोंडा निवडून गेले. पाथरवटाने छन्नी-हातोडा घेऊन एकवीस दिवस मला आतून पोखरले. मागच्या टोकाला दगड जरा मऊ लागला आणि तिथे तळ हवा होता त्यापेक्षा खोल गेला.

"हितं खोल गेलं मालक," पाथरवट म्हणाला.

"जाऊ द्या. तेवढंच पाणी जास्त मावंल," तातेराव म्हणाले.

सात गड्यांनी मला बैलगाडीत चढवले आणि सात गड्यांनीच उतरवले.

नंतरची दहा-अकरा वर्षे माझी कामाची वर्षे होती. तातेरावांकडे हरण्या आणि बाणक्या ही बैलजोडी होती, एक म्हैसही होती. सकाळी आणि दिवस कलताना ती माझ्यात तोंडे बुडवत. दोन वेळा मला भरायचे आणि दोन वेळा मी रिकामी व्हायचे. तातेरावांची बायको गोजरबाई दर आठवड्याला विटेच्या तुकड्याने माझे शेवाळ खरवडून काढी. पाहुणे येत, ओट्यावर बसत, माझ्या काठावर हात फिरवत आणि म्हणत, "डोणी बराबर घडली, तातेराव." मला ते ऐकायला आवडे. तेव्हा मला पुष्कळ गोष्टी आवडत.

मग तातेराव वारले. पुढच्या साली बाणक्या बसला तो उठलाच नाही. एकटा हरण्या कामाचा राहिला नाही, म्हणून तो आणि म्हैस दोन्ही बाजारात गेले. मुलगा मच्छिंद्र भाड्याचा ट्रॅक्टर लावून शेती करू लागला. गोठ्यात लाकडे रचली गेली.

मी मात्र भरलेलीच राहिले. त्याचे कारण गोजरबाई. "नवरा गेला, बैल गेले. पर मुक्या जिवाला पाणी ठिवायचं मी बंद करणार न्हाई," असे ती म्हणाली. चिमण्या, व्हले अशी पाखरे, वाटेने जाणाऱ्या शेळ्या, कधी एखादी मोकाट गाय माझ्याकडे येई. चिमणीला किती पाणी लागते? ती पिऊन उडून जायची आणि पाणी माझ्यात तसेच राहायचे. कमी झाले की वरून बादलीभर ओतले जाई. सगळे पाणी काढून टाकण्याची गरज आता कुणाला वाटत नव्हती. खरवडणेही हळूहळू थांबले. माझ्या तळाशी हिरवे मखमलीसारखे शेवाळ जमले.

मच्छिंद्रचे लग्न झाले आणि कांता या घरात आली. ती उंच होती आणि कामाला वाघीण होती. नळाला पाणी आले की तीच मला भरायची. त्या वर्षांत अंगणात डास फार झाले होते. कालव्याला पाणी सुटले की वस्तीभर डासच डास. दिवेलागणीला ओट्यावर बसणे अवघड होई. कांता एका फुटक्या घमेल्यात निखारे घेई, वर कडुलिंबाचा ओला पाला टाकी आणि ते घमेले माझ्या काठावर ठेवी, म्हणजे वारा ओट्याकडे असला की धूर सगळीकडे जाई. बाजारातून ती डासांच्या अगरबत्त्या आणी. दाराला तिने गोणपाटाचा पडदा शिवला होता. डोळे चोळत ती सासूला म्हणायची, "आत्याबाई, ह्या धुरानं डास चाललेत का आपणच चाललो, काही कळंना."

गोजरबाई हसायची. त्या घरात तेव्हा हसणे होते.

मित्रांनो, आता मला जे सांगायचे आहे ते मी सरळ सांगते. कांता ज्या डासांना धुराने हाकलत होती, ते घमेल्याच्या खाली, माझ्या पाण्यात वाढत होते.

हे पहिल्यांदा राधाकिसनने पाहिले. राधाकिसन हिवतापाच्या खात्यातला कर्मचारी. पंधरा दिवसांनी सायकलवर यायचा. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि भिंतीवर खडूने तारीख लिहून जायचा. त्या दिवशी त्याने पांढरी पळी माझ्यात बुडवली आणि गोजरबाईसमोर धरली. पळीत बारीक काड्यांसारखे जीव वळवळत होते.

"मावशी, हे बघा. ह्याचेच डास होतेत."

"पाणकिडे हायेत ते. दरसाल असतेत," गोजरबाई म्हणाली.

"आठ-दहा दिवसांत ह्यांनाच पंख फुटतेत. पाणी ठिवा, मी न्हाई म्हणत न्हाई. पर आठ दिवसाला एकदा सगळं काढून, घासून, डोणी कोरडी होऊ द्या. मंग भरा."

"करते बाबा," ती म्हणाली. तिने चहा ठेवला. तो पिऊन गेला.

त्यानंतर काय झाले? काही झाले नाही. मच्छिंद्रला वाटले, घरातल्या बाया करतील. गोजरबाईला वाटले, मच्छिंद्र करील, कारण पाणी उपसायचे म्हणजे जोर लागतो. पेरणीचे दिवस होते. एकदा कांताने मनावर घेतले. भगुण्याने, म्हणजे पातेल्याने, तिने माझे पाणी बरेचसे उपसून काढले. पण मागच्या टोकाला, जिथे तळ खोल गेला होता, तिथे चार बोटे पाणी राहिलेच. भगुणे तिथे बुडत नव्हते. फडक्याने टिपावे म्हणून ती वाकली आणि कमरेला हात लावून तशीच थांबली. तिला सातवा महिना होता.

"राहू दे कांता," गोजरबाई ओट्यावरून म्हणाली. "जड अंग हाय. एवढ्याशा पाण्यानं काय होतंय. उठ तिथून."

ती उठली. गोजरबाई हे मायेने बोलली होती. मी तिथे होते, मी ऐकले आहे. त्या चार बोटांत जे होते ते राहिले, आणि दुसऱ्या दिवशी वरून दोन बादल्या ओतल्या गेल्या.

श्रावणात कांताला थंडी वाजून ताप आला. दोन गोधड्या घालूनही ओट्यावरची बाज हलत होती. मग घाम आला, ताप उतरला आणि तिने उठून भाकरी केल्या. एक दिवस बरा गेला. पुन्हा थंडी आली. राधाकिसन आला, त्याने रक्त घेतले, गोळ्या दिल्या आणि मच्छिंद्रला बाजूला घेऊन म्हणाला, "पोटुशी बाई हाय. हितं ठिवू नका. आजच जालन्याला न्या."

"उद्या जीप मिळंल," मच्छिंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जीप मिळाली. कांता मच्छिंद्रच्या खांद्यावर मान टाकून माझ्यासमोरून गेली. ती काहीतरी बोलत होती, पण तापात बोलत होती, त्याचा अर्थ लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी तीच जीप परत आली. तिकडे डॉक्टरांनी पुष्कळ खटपट केली, असे शेजारी एकमेकांना सांगत होते. ताप मेंदूत गेला होता. बाळही गेले.

अंगणात माणसे जमली आणि गेली. त्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. पाऊस पडत होता आणि मी काठोकाठ भरले होते.

चौदाव्या दिवशी राधाकिसन आला. सायकल त्याने बाहेरच उभी केली. त्याच्याजवळ रक्ताच्या तपासणीचा कागद होता.

"मलेरियाच होता मावशी. वाईट जातीचा."

गोजरबाईने कागद घेतला नाही. तिने विचारले, "हितूनच आला का?"

राधाकिसनने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. "डास कुठूनबी येतो. वस्तीत अशा धा जागा हायेत. कालवा हाय. कोण सांगणार."

"तू सांगितलं व्हतं."

तो भिंतीवर तारीख लिहून निघून गेला.

मित्रांनो, तो डास माझ्यातला होता की नव्हता, हे मलाही माहीत नाही. ते कुणालाच कधी कळणार नाही.

त्याच दुपारी मच्छिंद्र घण घेऊन आला. त्याने पहिला घाव माझ्या काठावर घातला. तिथला टवका उडाला, तो अजून तसाच आहे. दुसरा घाव घालायला त्याने घण उचलला, तेव्हा गोजरबाई येऊन माझ्या काठावर बसली.

"सरक माय."

"फोडू नकोस."

"काय करायचंय तिला ठिवून?"

"मला ती पुसायला लागंल," गोजरबाई म्हणाली.

मच्छिंद्रने घण खाली घेतला. मग त्याने तो गोठ्यात नेऊन ठेवला. त्यानंतर सात वर्षे तो माझ्या बाजूने चालला नाही. ओट्यावरून उतरताना तो पलीकडून उतरायचा.

गोजरबाईने भगुण्याने माझे पाणी उपसले. मागच्या टोकाला राहिलेले चार बोटे पाणी तिने जुन्या लुगड्याच्या धडप्याने टिपले, पिळले, पुन्हा टिपले. मग विटेने शेवाळ खरवडले. ती रडली नाही. मीठ-मिरचीचा हिशोब लावत असल्यासारखा तिचा चेहरा होता. ऊन पडले आणि मी तळापर्यंत वाळले. चिमण्यांसाठी तिने एक पसरट ताटली काढली. सकाळी भरायची, सांजेला उपडी करायची.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती मला पुसून काढायची, पाऊस असो नसो. माझे झाले की शेजारी जायची. आधी दुर्गाबाईकडे, मग पुढच्या घरी. रांजणात डोकवायची, फुटके डबे पालथे करायची, गोठ्यामागचे जुने टायर ओढून काढायची. सुरुवातीला लोक वैतागले. दुर्गाबाई एकदा म्हणाली, "आमचं आम्ही बघू की. तुमच्या घरचं बघायचं तवा बघितलं का?"

गोजरबाई म्हणाली, "न्हाई बघितलं." आणि तिने खाली वाकून दुर्गाबाईचा डबा पालथा केला.

दुर्गाबाई पुन्हा कधी काही बोलली नाही. वर्षा-दोन वर्षांनी गोजरबाई यायच्या आधीच लोक आपले रांजण रिकामे करून ठेवू लागले. डास पूर्ण गेले नाहीत. कालवा आहे, शेते आहेत. पण लोक संध्याकाळी ओट्यावर बसू लागले. राधाकिसनची काचेची पट्टी बरेचदा कोरीच परत जाऊ लागली. कुणी गोजरबाईचे कौतुक केले तर ती ऐकून घ्यायची, जसे मी पाऊस घेते.

सात वर्षांनी तिला अर्धांगाचा झटका आला. ती ओट्यावर बाजेवर पडून राहिली. उजवा हात उचलत नव्हता आणि बोलणे कळत नव्हते. त्या आठवड्यात सलग पाऊस झाला. माझ्यात वीतभर पाणी साचले. बाजाराचा दिवस आला. ती बाजेवरून माझ्याकडे बघत होती. घरात दुसरे कुणी नव्हते, फक्त मच्छिंद्र. तो दारात बसून दोरी वळत होता.

बऱ्याच वेळाने त्याने दोरी खाली ठेवली. ओट्याच्या या बाजूने तो उतरला. भगुणे आणले आणि पाणी उपसले. मग बनियन काढून तो माझ्या मागच्या टोकाशी वाकला आणि त्याच बनियनने उरलेले पाणी टिपू लागला. त्याचा हात माझ्या तळाला लागला. मित्रांनो, लोक म्हणतात दगडाला काही वाटत नाही. इतकी वर्षे मलाही तसेच वाटत आले होते.

पुसून झाल्यावर त्याने आईकडे पाहिले नाही. ओला बनियन खांद्यावर टाकून तो शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दुर्गाकाकू, माय पडून हाय," तो म्हणाला. "रांजण रिकामा झाला का?"

आता गोजरबाई नाही. मी अंगणात कोरडी बसून असते. मित्रांनो, तुमच्याही अंगणात, ओट्यावर, गच्चीवर कुठेतरी चार बोटे पाणी असेल. कुलरच्या तळाशी, कुंडीखालच्या ताटलीत, एखाद्या टायरमध्ये. चिमण्यांना पाणी जरूर ठेवा, पण ते शिळे होऊ देऊ नका. आठ दिवसांतून एकदा सगळे रिकामे करा, घासा, वाळू द्या. आणि हे काम 'कुणीतरी करील' यावर सोडू नका. आमच्या घरी सगळे शहाणे होते, मायाळू होते, आणि प्रत्येकाला वाटले दुसरा करील. त्या कामाला घरातल्या एका माणसाचे नाव लावा.

आमच्या घरी आता मच्छिंद्रचे आहे.