न थांबवलेली गोळी

शिवणाचं दुकान चालवणारी ताई सहसा कुणावर विसंबत नसे. धाकट्या बहिणीची गोष्ट मात्र वेगळी होती. तिला ताईनेच लहानाची मोठी केलेली. तिच्यावर ताईचा डोळे मिटून भरवसा. म्हणून मूतखडा निघाला तेव्हा डॉक्टरांशी बोलणं, तारीख घेणं, अर्ज भरणं, सगळं धाकटीनेच केलं.

"चिरफाड नाही काही. बाहेरून धक्के देतात, खड्याचा भुगा होतो आणि लघवीवाटे निघून जातो," धाकटी म्हणाली. "संध्याकाळी घरी."

धक्के तासभर चालले. कमरेवर कुणी टिचक्या मारतंय, असं ताईला वाटत राहिलं. नंतर लघवी लालसर झाली. तेवढी होतेच, असं नर्सने आधीच सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीत अशी कळ आली की ताईला बसवेना. उठायला गेली तर डोळ्यांपुढे अंधारी.

तपासणीत कळलं, मूत्रपिंडाभोवती रक्त साकळलं होतं. डॉक्टर खाटेशी आले.

"रक्त पातळ करणारी गोळी नक्की कधी बंद केलीत?"

"बंद कुठे केली? हृदयासाठी आहे ती. काल सकाळीसुद्धा घेतली."

डॉक्टरांनी अर्ज पुढे धरला. 'सात दिवसांपूर्वी बंद.' अक्षर धाकटीचं होतं.

डॉक्टर गेल्यावर धाकटी पायाशी उभी राहून म्हणाली, "गोळी आठवडाभर आधी बंद करायची, हे तुला सांगायचं विसरूनच गेले गं. परवा इथे अर्ज भरताना आठवलं. पण खरं लिहिलं असतं तर तारीख महिनाभर पुढे गेली असती, मला पुन्हा रजा मिळाली नसती. वाटलं, एवढ्याशा गोळीने काय होतंय."

"विसरलीस ते मी पोटात घातलं असतं," ताई म्हणाली. "हे तू जाणूनबुजून लिहिलंस. मी आत झोपले होते आणि तू बाहेर बसून लिहिलंस."

धाकटी रडू लागली. एरवी ताईने तिला जवळ ओढलं असतं. आज तिचा हात पुढे झालाच नाही.

नऊ दिवस पडून काढावे लागले. दोन पिशव्या रक्त चढवलं. साकळलेलं हळूहळू जिरू लागलं, खड्याची वाळूही पडून गेली. धाकटी रोज डबा आणायची, पाय चेपायला बसायची. ताई "ठेव तिथे" एवढंच म्हणायची आणि पाय आखडून घ्यायची.

घरी सोडायच्या दिवशी धाकटीने सवयीने कागदांसाठी हात पुढे केला.

"राहू दे. मला वाचता येतं," ताई म्हणाली. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. धाकटी दाराशी पिशवी धरून ताटकळत उभी राहिली.