धोट्यावरचा आळ

मी एक जुना धोटा आहे. मित्रांनो, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो मी. अंग लाकडाचं, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. सुरतेजवळच्या उधन्यातल्या एका कापड कारखान्यात लोटूभाऊंच्या हाताखाली माझं आयुष्य गेलं. ते खानदेशातले. दसऱ्याला मला कुंकू लावत, चोच खडबडीत झाली की स्वतः कानशीने घासत. मी त्यांच्या मागावरून कधी उडालो नाही.

त्यांनी गावाकडून मेहुण्याला, सुकदेवला, आणलं. पोटच्या पोरासारखं काम शिकवलं. माझ्यात सुताची कांडी बसवायलाही त्यांनीच शिकवलं. तो मात्र सूत चोरून विकू लागला. लोटूभाऊंनी पकडलं आणि शेठला सांगेन म्हणाले. बंद मागाशेजारी सुकदेवने पाना उचलला. मी मागाच्या पेटीत पडून सगळं पाहिलं. मग त्याने मला काढलं आणि त्यांच्या रक्तात बुडवलं.

लोटूभाऊंची बायको नूतन धावत आली. तिला तो म्हणाला, “ताई, धोटा उडना, दाजीना डोकाले लागना. मी एकलाच व्हतू दाजीना जोडे.” जवळ तो एकटाच होता म्हणे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण सगळ्यांना पटलं, कारण धोटे उडतात हे उधन्यात कोणाला नवं नाही. मला फार लागलं हो.

पोलिसांनी मला शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरबाईंपुढे ठेवलं. त्यांनी माझी चोच जखमेशी ताडून पाहिली. माझ्या चोचीने गोल भोक पडतं, ही जखम लांबट आणि सरळ कडांची होती. मग त्यांना लोटूभाऊंच्या दोन्ही हातांवर काळेनिळे वळ दिसले. बाहेर येऊन त्या फौजदारांना म्हणाल्या, “धोटा उडके आता है तो हाथ उठाने का टाइम नहीं मिलता. इसने दोनों हाथ उठाए थे. ये हादसा नहीं, खून है.”

नूतनने ते ऐकलं. शेजारी सुकदेव रीतीप्रमाणे विधवा बहिणीला द्यायचं माहेरचं लुगडं घेऊन उभा होता.

“मंग त्यासनी तुले देखं व्हतं,” ती म्हणाली. लुगडं तिने घेतलं नाही.

आता मी पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत पडून आहे. अंगावरचं रक्त कोणी पुसलेलं नाही. मित्रांनो, आम्हा मुक्यांना तेलपाणी करा, जपा, असं मी सांगायला हवं. पण लोटूभाऊंनी ते सगळं केलं होतं. तुम्ही एवढंच करा. आमच्याकडे कोणी बोट दाखवलं, तर आधी त्याला विचारा, तेव्हा तू कुठे उभा होतास?