उमाजीचा सत्कार

वडशाचे राइस मिलवाले गुणवंतराव यांना चोपन्न सालच्या हिवाळ्यात अचानक सैनिकांविषयी माया फुटली. लढाई संपून कैक वर्षं झाली होती. त्यातली शेवटची काही वर्षं त्यांच्या मिलसमोरच बाजाराच्या ओट्यावर एक सैनिक झोपत होता, आणि सकाळी मिलमध्ये शिरताना गुणवंतराव त्याच्या पायांना वळसा घालून जात होते. पण मायेलाही निमित्त लागतं. सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला नागपूरहून कोणी बडे पाहुणे येणार, असं कळलं आणि पुढच्या आठवड्यात ‘जवान सन्मान मंडळ’ स्थापन झालं. अध्यक्ष गुणवंतराव. चिटणीस देवाजी मास्तर. सभासद म्हणजे ज्यांना फोटोत उभं राहायची हौस होती ते सगळे. मंडळाला सभासद भरपूर मिळाले. जवान मात्र एकच मिळाला, तो ओट्यावरचा उमाजी.

उमाजी तलावाकाठच्या ढिवर मोहल्ल्यातला, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतला. बेचाळीस साली बाजारात डफ वाजवून भरती झाली, पोटभर जेवण आणि पायात बूट मिळतात असं कोणी तरी सांगितलं, म्हणून गेला. त्याला ब्रह्मदेशात नेलं. तिथे एक गोळा त्याच्या खंदकात पडला. शेजारचे तिघे जागच्या जागी गेले. उमाजीची डाव्या हाताची दोन बोटं गेली, एक कान गेला, आणि काही महिने तर स्वतःचं नावही गेलं. घरी कळलं ते एवढंच, की तो बेपत्ता आहे. त्याच्या बायकोनं, गिरजानं, वाट पाहिली. मग बांगड्या फोडल्या. मग जातीतल्या मोठ्या माणसांच्या संमतीनं मुखरूशी पाट लावला. मुखरू वैनगंगेत डोंगा घालून मासे मारायचा. साधा माणूस, भांडणाला भिणारा.

उमाजी परत आला तेव्हा स्टेशनावरच कोणी तरी त्याला हे सगळं ऐकवलं. तो तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत गेला, तिथून माघारी वळला, आणि मोहल्ल्यात शिरलाच नाही. मग बल्लारपूरला हमाली केली, जंगलात लाकडांच्या डेपोवर काम केलं. कामाला वाघ होता. पण झोपेत ओरडायचा, आणि उठवायला गेलेल्याचा गळा धरायचा. अशा माणसाला कामावरून काढायला फार विचार करावा लागत नाही. फिरत फिरत तो वडशाच्या ओट्यावर येऊन पडला. मोहल्ल्यातली माणसं बाजाराला आली की दुसऱ्या बाजूनं जायची. गिरजाही तशीच जायची.

मंडळानं सेवा सुरू केली. उमाजीला मिलच्या विहिरीवर आंघोळ घातली, न्हाव्याकडून दाढी करवली. फौजेतले कपडे केव्हाच फाटून गेले होते. तेव्हा देवाजी मास्तरांनी नाटक कंपनीतून सेनापतीचा अंगरखा आणला, सोनेरी गोंड्यांचा, काखेत उसवलेला. शाळेत एक छोटी सभा घेऊन उमाजीला एक कांबळं अर्पण केलं. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर ओट्यावर आले.

“उमाजी, ते कांबळं दे बाबा.”

“काऊन जी?”

“सव्वीसला पाहुण्यांच्या हातून पुन्हा द्यायचं आहे. मळलं तर बरं दिसणार नाही.”

उमाजीनं कांबळं घडी करून दिलं. सव्वीस तारखेपर्यंत वडशात चांगली थंडी पडली. उमाजी तांदळाच्या रिकाम्या पोत्यात पाय घालून झोपला, आणि त्याचं कांबळं मास्तरांच्या घरी पेटीत सुखरूप राहिलं.

सव्वीसला सकाळी मिलच्या पटांगणात मांडव पडला. उमाजीला पाहुण्यांच्या शेजारी खुर्ची दिली होती. सेनापतीच्या अंगरख्यात तो पाठ ताठ करून बसला होता. बोटं नसलेला हात त्यानं अंगरख्यात लपवला होता. गुणवंतरावांनी हार घातला, फोटोवाल्यानं फोटो काढला. हार घालताना त्यांचं तोंड उमाजीकडे नव्हतं, फोटोवाल्याकडे होतं. मग त्यांचं भाषण. “मातृभूमीचा हा वीर सुपुत्र,” असं त्यांनी तीनदा म्हटलं. मातृभूमीचा सुपुत्र त्यांच्या दारासमोर का झोपतो, हे एकदाही म्हटलं नाही. भाषण संपलं की वीराला सलामी म्हणून उखळीचे बार उडवायचे, अशी अध्यक्षांची खास कल्पना होती. जत्रेत बार उडवणारा माणूस त्यांनी मुद्दाम बोलावला होता. ब्रह्मदेशातून आलेल्या माणसाला बार कसे वाटतील, असा विचार एवढ्या मोठ्या मंडळात एकालाही सुचला नाही.

पहिला बार उडाला.

“लेट जाव!” उमाजी ओरडला, आणि त्यानं पाहुण्यांना खुर्चीसकट खाली ओढलं. पाहुणे तोंडावर मातीत पडले. उमाजी त्यांच्यावर आडवा झाला. दुसरा बार, तिसरा बार. प्रत्येक बाराला तो पाहुण्यांचं डोकं आणखी खाली दाबत होता आणि त्यांच्या कानाशी सांगत होता, “साहेब, डोस्कं वर काढू नोका. मी हावो इथी. मी हावो.”

लोक आधी दचकले, मग हसले. पटांगण पोट धरून हसत होतं. चौघांनी मिळून उमाजीला ओढलं तरी तो पाहुण्यांना सोडेना. शेवटी बार थांबले, धूर गेला, तेव्हा तो आपणहून उठला आणि पाहुण्यांना नीट पाहून म्हणाला, “लागलं तं नाई ना, साहेब?”

पाहुण्यांच्या तोंडात माती होती. ती थुंकून त्यांनी विचारलं, “हा सैनिक आहे की वेडा?”

“वेडा आहे साहेब,” गुणवंतराव तत्काळ म्हणाले. “आम्ही आपलं दयेपोटी...”

मातृभूमीच्या सुपुत्राचा वेडा व्हायला एवढाच वेळ लागला. झेंडा वर फडकत होता. त्याच्याखालीच मंडळाची तातडीची बैठक झाली आणि एकमतानं ठरलं, की उमाजीला दुपारच्या गाडीनं नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवावं. यालाही मंडळानं सेवाच म्हटलं. पोत्यांच्या दोरीनं त्याचे हात मागे बांधले आणि एका शिपायाबरोबर त्याला स्टेशनावर पाठवलं.

गर्दीत मुखरू होता. तोही हसला होता. घरी येऊन त्यानं गिरजाला सगळा किस्सा सांगितला, पाहुणे कसे पालथे पडले ते हातवारे करून दाखवलं. गिरजा अंगणात मासे साफ करत बसली होती. तिचा हात थांबला.

“मंग?”

“मंग काय. नागपूरले नेऊन राह्यले त्याले. पागलखान्यात.”

“आन् तू हासत घरी आला.”

मुखरूनं हवेतले हात खाली घेतले.

“तो मेला म्हून मी रडली,” गिरजा म्हणाली. “जिता आला तं तोंड लपवून बसली. साऱ्या मोहल्ल्यानं तोंड लपवलं, जसा काई त्यानंच गुन्हा केला. आता त्याले जनावरावानी बांधून नेतेत, आन् तुमाले तमाशा वाटते. जाय. घेऊन ये त्याले.”

“मी जाऊ? तुया पयला नवरा हाय तो. मी त्याले आनाले जाऊ?”

“तूच जाय. मी गेली तं लोक म्हनतीन, जुनी बायको धावली. तू गेला तं कोनाले बोलाले जागाच राहनार नाई.”

“आनून ठेवू कुठी?”

“पाळीवर ठेव, डोंग्यात ठेव, मायावाल्या डोस्क्यावर ठेव. पन आन.”

मुखरू निघाला. त्याच्या मनातून जायचं नव्हतं, हे त्याच्या चालीवरून दिसत होतं. पाळीवर मनसाराम नावाचा म्हातारा ढिवर आणि आणखी चारपाच जण जाळी वाळवत होते. एकट्यानं जायची छाती नव्हती म्हणून मुखरूनं त्यांना हाक मारली. ते आधी नाही म्हणाले. मग गिरजा दारात उभी राहून बघते आहे, हे दिसलं तेव्हा उठले.

स्टेशनावर गाडी लागली होती, पण उमाजी अजून फलाटावरच होता, आणि त्याचं कारण मंडळाला शोभेसंच होतं. नाटक कंपनीचा माणूस अंगरखा मागायला आला होता. हात बांधलेले असताना अंगरखा निघेना, आणि हात सोडायला मास्तर भीत होते. अध्यक्ष म्हणून घालून घेतलेला हार गळ्यात ठेवूनच गुणवंतराव पहिल्या वर्गाच्या डब्याशी पाहुण्यांना निरोप देत उभे होते. उमाजी मान खाली घालून बाकावर बसला होता. कोणी त्याची बाही ओढत होतं, कोणी गोंडे मोजत होतं.

मुखरू सरळ गुणवंतरावांसमोर गेला. “भाऊ, याले आमी घरी नेतो.”

“तू कोण याचा?”

वडशात हे कोणाला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. सगळे कान देऊन उभे राहिले. मनसाराम जमिनीकडे पाहू लागला.

“मी याच्या बायकोचा नवरा,” मुखरू म्हणाला. “म्हंजे तो माया घरचाच झाला ना.”

कोणीतरी खिदळलं. मुखरूनं मागे वळून पाहिलं नाही.

“जबाबदारी घेतोस?” गुणवंतराव म्हणाले. “उद्या कोणाचा गळा धरला तर?”

“धरन तं माया धरन. तुमच्या गळ्यात हार हाये, तिथी त्याचा हात कायले येते?”

गुणवंतराव लाल झाले. त्यांनी शिपायाला खूण केली, की याला आधी गाडीत घाल. तेवढ्यात डब्याच्या खिडकीतून पाहुण्यांचा आवाज आला.

“अहो, हा वेडा याच गाडीने येणार आहे?”

“होय साहेब, पण मागच्या डब्यात, बांधून...”

“छे, छे! मी आहे या गाडीत. भलतंच काय!”

गुणवंतरावांनी त्या दिवसातली दुसरी कोलांटी मारली. “ऐकलंस ना?” ते मुखरूवरच ओरडले. “साहेबांनी मोठ्या मनानं तुमच्या स्वाधीन केला आहे. घेऊन जा!” पाहुण्यांनी खिडकीची झडप खाली ओढली, ती गाडी सुटेपर्यंत वर झाली नाही.

मुखरूनं दोरी सोडली. अंगरखा कंपनीच्या माणसाच्या अंगावर फेकला. उमाजी उघड्या अंगानं बसून राहिला. कांबळं द्यायचं राहिलं ते राहिलंच.

“चाल गा, उमाजी.”

“मी नाई येत. तिथी गिरजा हाय.”

“हाय. तिनंच धाडलं मले.”

मनसारामनं आपलं पागोटं उलगडून त्याच्या खांद्यावर टाकलं. मग उमाजी उठला.

पाळीवर त्याच्यासाठी झोपडी उभी राहिली. ती काही आनंदानं उभी राहिली नाही. एकानं बांबू दिले आणि आठवडाभर बोलून दाखवलं. एकानं छपराला भाताची तणीस दिली ती अर्धी सडकी. रुखमाबाई नावाची म्हातारी रोज येऊन सांगायची, की हा माणूस एखाद्या दिवशी सगळ्यांना मारणार आहे. सांगून झालं की पदराखालून आणलेला भात ठेवून जायची. मोहल्ल्यातले पुरुष पाळीपाळीनं त्याच्याजवळ झोपू लागले. एकदा त्यानं मनसारामचा गळा धरला. म्हातारा चार दिवस घोगरा बोलत होता आणि त्याला शिव्या देत होता, पण त्याची पाळी आली तेव्हा पुन्हा गेला. हळूहळू त्यांना कळलं, की त्याला हात लावून उठवायचं नाही, लांबून नाव घ्यायचं. मोहल्ल्यात लग्नात बार उडवणं बंद झालं. मुखरूच्या चुलतबहिणीच्या लग्नात पलीकडच्या गावच्या वऱ्हाडानं बार आणले, तेव्हा भांडणाला भिणाऱ्या मुखरूनं ते उचलून तलावात टाकले आणि नवऱ्या मुलाच्या मामाशी हातघाईवर आला.

उमाजी उरलेल्या बोटांनी जाळी शिवायचा, पाखरं हाकायचा. ओरडणं कमी झालं, थांबलं नाही. गिरजा झोपडीकडे जात नव्हती. जेवण मुखरूच न्यायचा.

पुढच्या हिवाळ्यात मंडळ पाळीवर आलं. गुणवंतराव, मास्तर आणि फोटोत उभे राहायचे ते सगळे. हार घालतानाचा तो फोटो नागपूरच्या एका पेपरात छापून आला होता, गुणवंतरावांचं नाव झालं होतं, आणि आता दुसरे पाहुणे येणार होते.

“एका दिवसापुरतं द्या उमाजीला,” मास्तर म्हणाले. “या खेपेस बार नाहीत.”

मुखरू काही म्हणायच्या आत, बाजाराला निघालेली गिरजा डोक्यावरची माशांची पाटी खाली आपटून पुढे झाली.

“तुमच्याकडे एवढी मानसं हायेत,” ती म्हणाली. “एखाद्याले लढाईवर धाडा ना. वापस आला तं त्याचाच सत्कार करा. भाऊ, तुमीच काऊन नाई जात?”

गुणवंतराव म्हणाले की बायकांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, आणि पाळीवरून उतरले. उतरताना शेवाळावरून पाय घसरला आणि मास्तरांनी त्यांना सावरलं. मंडळानं त्या वर्षी सिरोंच्याकडून एक निवृत्त पोलीस आणला म्हणतात. तो सैनिक नव्हता आणि मराठीही धड बोलत नव्हता, पण हार घालून घ्यायला भाषा लागत नाही.

पाळीवर गिरजा आणि उमाजी समोरासमोर उरले. मुखरू उगाच जाळ्याची गाठ सोडवत बसला.

“भात कोन रांधते तुमच्याकडे?” उमाजीनं विचारलं.

“मी. काऊन?”

“मीठ कमी रायते.”

“साल झालं खाऊन राह्यला, आता बोलते!” गिरजा म्हणाली. “मीठ पायजे तं घरी येऊन घेत जाय. मी इथवर पोचवाले रिकामी नाई.”

दुसऱ्या दिवसापासून उमाजी मुखरूच्या अंगणात जेवू लागला. मोहल्ल्याबाहेर वडशात त्यावर खूप बोलणं झालं. एक बाई आणि तिचे दोन नवरे एका अंगणात, म्हणून चांगल्या घरचे लोक मुद्दाम पाळीवरून फिरायला येत. आठपंधरा दिवस येत राहिले. त्यांना दिसलं ते एवढंच, की दोन पुरुष खाली मान घालून भात खात आहेत आणि एक बाई दोघांनाही बोलते आहे. मग ते कंटाळले आणि यायचे बंद झाले.