नातालच्या होडीचा भाव

कैतानने एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर दोऱ्या ओढल्या होत्या. उत्तनच्या किनाऱ्यावर त्याच्यासारखा खलाशी नाही, हे होड्यांचे मालक, नाखवेसुद्धा कबूल करायचे. पण तेवढ्याने चूल पेटत नाही. जाळ्यात जे येईल त्याचे वाटे पडत. आधी होडीचा, मग जाळ्याचा, आणि उरलं तर माणसांचा. माणसापेक्षा लाकडाला जास्त मिळतं हे त्याला सोळाव्या वर्षी कळलं होतं आणि पस्तिशी उलटली तरी पचलं नव्हतं.

एकोणीसशे सदतीस साली, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढून माडाच्या झापांखाली झाकल्या गेल्या तेव्हा, त्याने बायकोला सांगितलं, ‘‘रेजिना, औंदा होडी घ्यायची.’’

रेजिना भाकरी थापत होती. तिने हात पुसले, आत गेली आणि आईने दिलेल्या सोन्याच्या बाळ्या आणून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. ‘‘नवी तर आपल्याला या जन्मात होत न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘जुनी बघ. पण कुजकी नको आणूस. मना दोन पोरी हायत.’’

कैतानच्या गाठीला एकशे नव्वद रुपये होते. बाळ्यांचे साठ येतील असं सोनाराने सांगितलं. म्हणजे अडीचशे. अडीचशेत काय मिळतं ते बघायला तो दुमिंगकाकाला घेऊन निघाला. दुमिंगकाकाने तीस वर्षं तांडेल म्हणून होड्या हाकल्या होत्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटांच्या पेरांनी फळी वाजवून तिचं वय सांगणारा दुसरा माणूस त्या पट्ट्यात नव्हता.

पहिली होडी गोराईला होती. मालकाने तिला नुकतंच डांबर फासलं होतं, काळीभोर चकचकत होती. कैतानला बघताक्षणीच आवडली.

‘‘ताजं डांबर दिसलं का आधी सुरी काढायची,’’ दुमिंगकाका म्हणाला. सुरीचं टोक त्याने बुडाच्या कण्याला लावून नुसतं दाबलं. पातं दोन पेरं आत गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्याला ओला भुसा चिकटला होता. मालक पायाने वाळू उकरत राहिला.

दुसरी होडी वरसाव्याला खाडीत होती. लाकूड चांगलं होतं, भावही बसत होता. पण दुमिंगकाकाने तिच्या पोटावरून हात फिरवला आणि हसला. ‘‘ही खाडीतली म्हैस हाय. रेती वाहायला बरी. दर्यात नेलीस तर पहिल्याच लाटेला बसकण मारील.’’

परतताना म्हाताऱ्याने कैतानच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘कशाला गावोगाव फिरतंस? चांगली होडी तुझ्या दारासमोर उभी हाय. नातालची.’’

कैतान पुढे चालत राहिला. दोन महिने त्याच्या डोक्यात तीच होडी होती.

नाताल त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. स्वतःची होडी केल्यावर त्याने पहिला खलाशी कैतानला घेतला होता. आठ वर्षांची होडी. मलबारी साग, दर सालाला मुशी माशाचं तेल पाजलेलं. नाव ‘सांत पेद्रू’. मागच्या डिसेंबरात भर वाऱ्यात जाळ्याची दोरी अडकली म्हणून नाताल पुढच्या टोकाला, नाळेवर गेला आणि लाटेने त्याला उचलून नेलं. सुकाणूवर तेव्हा कैतान होता. होडी तीनदा आडवी झाली आणि तीनदा उभी राहिली. दुसरी एखादी असती तर होडीवरचे चौघेही गेले असते. आपण जिवंत आहोत ते त्या लाकडामुळे, हे कैतानला पक्कं माहीत होतं.

नातालची बायको पास्की हिने होडी विकायला काढली होती. तीन लेकरं, आणि होडी चालवायला घरात गडी नाही. तिला साडेतीनशे हवे होते, आणि त्यात एक पैसाही जास्तीचा नव्हता. चौकचा गास्पार नाखवा, ज्याच्या आधीच तीन होड्या होत्या, तो तीनशे तीसपर्यंत आला होता. पुढच्या रविवारी बयाणा देणार असं गावात बोललं जात होतं.

त्या रविवारी देवळातली मिस्सा सुटल्यावर पुरुष नेहमीसारखे चिंचेखाली बसले. गास्पारही होता. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, ‘‘सांत पेद्रू आता नाखव्याची होणार.’’

गास्पारने कैतानकडे पाहिलं. ‘‘तू व्हतास ना त्या दिवशी? कशी हाय रे होडी?’’

कैतानने ठरवून काही केलं नव्हतं, असं तो पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आला. पण शब्द तोंडातून निघाले तेव्हा ते तयारच होते.

‘‘लाकूड बरं हाय,’’ तो म्हणाला. मग थांबला. ‘‘पण नाखवा, खरं सांगू? त्या दिवशी सुकाणू माझ्या हातात व्हतं आन् होडी माझं ऐकत न्हवती. नाळ खाली घातली आन् नातालला तिनंच टाकला. लाट मागून आली.’’

 मग एकाला आठवलं की चार वर्षांपूर्वी त्याच होडीवर एका खलाशाचं बोट दोरीत सापडून तुटलं होतं. दुसऱ्याला आठवलं की तिला पाण्यात ढकलली त्या दिवशी नारळ एका घावात फुटला नव्हता. कैतानला पुढे काही बोलावंच लागलं नाही. गास्पारने छातीवर क्रूस काढला आणि तंबाखूचा विषय काढला.

बयाणा दिला गेला नाही. महिन्याभरात ‘माणूस खाणारी होडी’ हे शब्द गोराईपासून डोंगरीपर्यंत पोचले. पास्कीने भाव तीनशेवर आणला, मग अडीचशेवर. कुणी बघायलाही येईना. ऑगस्ट तोंडावर आला तेव्हा कैतान तिच्या अंगणात गेला. तिने जमिनीकडे बघत विचारलं, ‘‘किती देशील?’’

‘‘दोनशे दहा.’’

‘‘घे.’’

पैसे ओच्यात बांधून तिने आतून शिडाची गुंडाळी आणली. मरणाच्या आधी महिनाभर नाताल ते बसून शिवत होता. ‘‘हे पण ने. सगळ्या गावानं तोंड फिरवलं. तू एकटा आलास. तुझे उपकार हायत.’’

कैतान ते शीड खांद्यावर टाकून घरी आला. जेवणात त्याचं लक्ष नव्हतं. सोनाराकडे एकच बाळी गेली होती, दुसरी त्याने परत आणली होती. रेजिनाने ती हातात घेतली, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘एवढ्या स्वस्तात कशी दिली तिनं?’’

‘‘नड व्हती तिला.’’

‘‘चिंचेखाली काय बोललास तू?’’

त्याने ताट सरकवलं. रेजिनाने बाळी पेटीत ठेवली आणि पुन्हा कधी कानात घातली नाही.

पाद्र्याने होडीवर तीर्थ शिंपडलं, हार घातले, सगळं रीतीप्रमाणे झालं. पण दर्यात खुंट्यांना बांधायचं डोलीचं जाळं लावायचं तर निदान चार गडी लागतात, आणि कैतानच्या होडीवर पाय ठेवायला एकही खलाशी तयार होईना. त्याने वाटा वाढवून दिला. होडीच्या वाट्यातला अर्धा सोडतो म्हणाला. ज्यांच्याबरोबर त्याने एकोणीस वर्षं काढली ते एकेक करून डोकं खाजवत, नजर चुकवत निघून गेले. एक म्हणाला, ‘‘कैतान, तूच तर सांगितलंस.’’

दुसऱ्या होड्या भरून येत होत्या. बोंबील वाळवायच्या काठ्या किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागल्या होत्या. कैतानने भाईंदरच्या मिठागरावरचे तीन मजूर आणले. त्यातले दोघे पहिल्याच दिवशी ओकून आडवे झाले, आणि तिसऱ्याने भरतीच्या वेळी जाळ्याचा खुंटा सोडला. जाळं फाटलं, ते शिवायला उरलेली गाठ सुटली. डिसेंबर सरत आला तेव्हा घरात तांदूळ उसना होता.

तो दुमिंगकाकाकडे गेला आणि सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं.

‘‘जिथं बोललास तिथं जाऊन उलटं बोल,’’ तो म्हणाला. ‘‘दुसरा इलाज न्हाय.’’

कैतानला ते धाडस झालं नाही. त्याने सोपी वाट शोधली. पास्कीने सांगितलं की होडीत खोट नाही, तर लोक ऐकतील. नवरा तिचा गेला होता. तो तिला गाठायला किनाऱ्यावर गेला. ती गास्पारच्या बोंबलांच्या काठ्यांपाशी मजुरीला होती, एकेक बोंबील उलटत होती.

‘‘पास्की, मना एक कबूल करायचंय,’’ तो म्हणाला. ‘‘होडी चांगली व्हती. मी खोटं बोललो.’’

तिचा हात थांबला नाही. ‘‘मना म्हायत हाय.’’

‘‘कवापासून?’’

‘‘त्याच आठवड्यात गास्पारच्या बायकोनं सांगितलं. तू काय बोललास, कसा थांबलास, सगळं.’’

कैतानने विचारलं, ‘‘मग उपकार हायत म्हणालीस ते?’’

आता ती वळली. उन्हाने आणि खारवट वाऱ्याने तिचा चेहरा वर्षभरात दहा वर्षं पुढे गेला होता. ‘‘तीन लेकरं उपाशी व्हती. गिऱ्हाईक तू एकटाच ठेवला व्हतास. तुझ्याशी भांडून होडी कुणाला विकली असती? दर्याला?’’

‘‘तू लोकांना सांग. तुझं ऐकतील.’’

‘‘मी काय सांगू? मी घरी व्हते. सुकाणूवर तू व्हतास,’’ ती म्हणाली आणि पुढच्या काठीकडे गेली.

मग तो बोलला. जानेवारीतल्या एका रविवारी, मिस्सेनंतर, चिंचेखाली सगळे बसले असताना तो उभा राहिला.  नाताल कसा गेला, होडी तीनदा कशी उभी राहिली, आपण भाव पाडायला खोटं कसं बोललो, काहीही न लपवता त्याने सांगितलं. बोलताना त्याला रडू आलं आणि त्याने ते पुसलं नाही.

गास्पारने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. मग शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘खलाशी मिळत न्हायत ना. माणूस नडला का काय वाट्टेल ते बोलतो.’’

दोघेतिघे हसले. बाकीचे उठून घराकडे निघाले. खोटं त्यांनी एका दमात गिळलं होतं. खऱ्याला चवही घेऊन बघितली नाही. होडी माणूस खाते हे आता उत्तनला नातालच्या मरणाइतकंच पक्कं झालं होतं. ज्या थोड्यांनी कैतानवर विश्वास ठेवला, त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. विधवेला लुबाडणाऱ्याच्या होडीवर कशाला जायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मे महिन्यात भाईंदरच्या एका मीठवाल्याने ‘सांत पेद्रू’ एकशे दहा रुपयांना घेतली. त्याला दर्यात जायचं नव्हतं, खाडीतून मिठाच्या गोणी वाहायच्या होत्या. डोलकाठी त्याने तिथल्या तिथे करवतीने कापायला लावली. पुलाखालून जायला आड येते म्हणाला. कैतान करवतीचा आवाज बंद होईपर्यंत थांबला. पुढे लढाई सुरू झाली, सागाचे भाव दुप्पट-तिप्पट झाले, तेव्हा त्या मीठवाल्याने होडीची निव्वळ लाकडं तीनशेच्या वर विकली असं कानावर आलं.

एकशे दहांतून कैतानने चाळीस काढले आणि पास्कीच्या दारात गेला. तिच्या साडेतीनशेला कमी पडलेल्या एकशे चाळिसांतले बाकीचे शंभर वर्षा-दोन वर्षांत देतो म्हणाला. तिने पैसे घेतले, नको म्हणाली नाही. बस म्हणाली नाही. मोठी मुलगी दारात उभी होती, तिला म्हणाली, ‘‘दार लाव. माशा येतात.’’

त्या पावसाळ्यानंतर कैतान गास्पारच्या होडीवर खलाशी म्हणून लागला. त्याच्यासारखा जाळं ओढणारा नाही, हे गास्पार अजूनही कबूल करायचा. फक्त सुकाणूवर त्याला कधी बसवत नसे.