लहान लेकराचा घास

सन अडतीसची गोष्ट. मायनं माझ्याशी बोलणं सोडलं त्याला पंधरा महिने झाले होते. मी पूर्णेला जाऊन बाप्तिस्मा घेतला, तवापासून. हट्ट्याच्या बाजारात ती केरसुण्या इकायला बसायची आन मी तिच्यापासून वीस पावलांवर, रॉकेलच्या खोक्यावर उभा राहून लोकांना आपला धर्म सांगायचो. चढताना तिच्याकडं बघायचो. ती गिऱ्हाइकाकडं बघायची.

हे सांगायचं काम सोनाजी मुकादमानं काढलं. रेल्वेच्या गँगचे मुकादम, मी त्यांच्या हाताखाली रुळावर खडी भरायचो. ह्याचा पगार कोणी देत नव्हतं. सुट्टीचा दिवस, आपली खुशी. पण मुकादमाचे नेम कडक. कोणाच्या देवाला नाव ठेवायचं न्हाई. लोक इचारतील तेवढंच सांगायचं. आन उत्तर येत नसंल तर सरळ म्हणायचं, माहीत न्हाई, पुढच्या बाजाराला आणतो.

लोक भलतंच इचारायचे. एकानं इचारलं, तुमच्या फादरला बायको न्हाई तर भाकरी कोण थापतं? मुकादम म्हणले, सोताच थापतात, म्हणून तर एवढे वाळलेत. बाजारावर नजर ठेवायला उभा असलेला जमादारसुद्धा हसला.

पितरपाटाच्या आधीचा बाजार होता. मी खोक्यावर होतो. माय केरसुण्या सोडून उठली, गर्दीत आली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मुकादमाला म्हणली,

"मुकादम, ह्या पोराला इचारा. लहानपणी गेलेल्या लेकराला तुमच्यात घास घालतात का?"

लोकांना वाटलं म्हातारी थट्टा करून राहिली. मला कळलं. माझ्या पाठची बहीण, चंदी, अडीच वर्षांची असताना गोवरानं गेली. बापाचं पितर दरसाल माझा थोरला भाऊ, देवला, घालतो. चंदीचं कोणी घालत न्हाई. लहान लेकराचं पितर नसतंच आमच्यात. त्या दिवशी माय सगळ्यांना वाढायची आन सोता जेवायची न्हाई.

आता मी काय सांगू? आमच्या पोथीत सरगाची वाट बाप्तिस्म्याच्या पाण्यातून. चंदीला कुठलं पाणी. "सरळ सरगात हाय" असं जिभेवर आलं होतं. म्हणलो असतो तर माय बोलली असती माझ्याशी, त्याच दिवशी. मी मुकादमाकडं बघितलं. ते खाली बघत होते.

"माहीत न्हाई, माय," मी म्हणलो. "इचारून आणतो."

लोक हसले. एक जण म्हणला, आईचं उत्तर येईना आन निघाला गावाला शिकवायला. माय जागेवर जाऊन बसली.

मी पूर्णेला गेलो. फादर महिन्यातून एकदा तिथं यायचे, नशिबानं सापडले. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, पक्कं कोणालाच माहीत न्हाई. पण देवाची माया तुझ्या आईपेक्षा कमी नसंल. तिचं नाव घेऊन प्रार्थना करा. जास्तीचं काही सांगू नको. मला रागच आला. एवढ्या लांब येऊन अर्धं उत्तर. मुकादमाला म्हणलो, थोडं गोड करून सांगतो. ते म्हणले, मग खोक्यावर चढू नको.

पुढच्या बाजाराला माय आधीच येऊन म्होरं बसलेली. केरसुण्या शेजारच्या दगडोबाच्या दुकानापाशी टाकलेल्या.

मी सांगितलं. चंदी कुठं हाय ते फादरलाबी पक्कं माहीत न्हाई. देवाच्या हातात हाय, एवढंच म्हणतात. आमी घास घालत न्हाई, नाव घेतो. गँगमधली आमच्या धर्माची अकरा घरं चार दिवसांपासून रोज तिचं नाव घेऊन राहिली. त्याच्या आधी मीबी घेत नव्हतो, माय. मला सुचलंच न्हाई.

कोणी हसलं न्हाई. माय पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काय नाव घेता?" तिनं इचारलं. मला. माझ्याकडं बघून.

"चंदी."

"चंदी न्हवं. पाळण्यात चंदाबाई ठेवलं व्हतं. एवढीशी व्हती म्हणून आपण चंदी म्हणायचो." ती थांबली. "आता मोठी झाली असंल ती. बराबर नाव घ्या."

मुकादमानं फेटा काढून हातात घेतला. आमी तिथंच, मिरच्यांच्या खकाण्यात, प्रार्थना म्हणली. चंदाबाई, असं मोठ्यानं. मायला आमची प्रार्थना येत नव्हती. ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली आन नाव आलं की तेवढं आमच्यासंगं म्हणली.

झाल्यावर मी खोक्यावरून उतरलो तर म्हणली, "काहून एवढा वाळलास रं? तुझीबी भाकरी तूच थापतोस का?"

आन केरसुण्यांचा भारा माझ्या डोक्यावर देऊन म्होरं चालायला लागली, घराकडं.